दुकानातला आरसा

४ जानेवारी

दुकानाला तेल पुरवणारा तेलवाला ह्याही वर्षी डायरी देऊन गेला. दुकान बंद होऊन जमाना झाला, तरी नवं वर्ष लागलं की हा हजर. "काय मालक, बरे ना?" म्हणतो. हे "बसा" म्हणतात. तो बसतो, चहा पितो, जातो. ह्यांनी आपल्याला ओळखलेलं नाही हे त्याच्या लक्षातही येत नाही. सगळा जन्म लोकांचे केस कापण्यात गेला. येईल त्याला बसा म्हणायचं, डोकं कुणाचं का असेना. त्याला ओळख लागत नाही.

आजवर ह्या डायऱ्यांची पानं मी फडताळात अंथरली. ह्या वर्षी लिहायचं ठरवलंय, कारण बोलायला माणूस उरलं नाही. घरात एक आहे, पण त्याला काही सांगणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. माझी शाळा तिसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की घाम फुटतो. चुकलं तर चुकलं, वाचणार कोण?

६ जानेवारी

आज आरसा पुसला. दुकानातला मोठा आरसा, पुढच्या खोलीची अर्धी भिंत त्यानेच खाल्ली आहे. समोर दुकानातलीच फिरती खुर्ची. दुकान विकलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, हे भंगारात दे." मी म्हटलं, "आधी मला दे भंगारात, मग आरसा."

तिला काय सांगू? दुपारी मी डबा घेऊन दुकानात जायची. दारात उभी राहिले तरी हे मान वळवायचे नाहीत. हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली कुणाची तरी मान, वळणार कसे? आरशातूनच बघायचे. "आलीस? बस, दोन माणसं राहिलीत." बाकावर एक असो की सहा असोत, ह्यांची आपली दोनच. मी बसायची. आरशात मी, पुढे हे, ह्यांच्या पुढे साबण फासलेला कुणीतरी. मधूनच हे आरशातून माझ्याकडे बघायचे. दुकानात माणसं असताना बायकोकडे सरळ बघायची लाज, आरशातून बघायची नाही. अजब माणूस.

तसं बघून आता किती काळ झाला कुणास ठाऊक.

१० जानेवारी

दाढीचा दिवस. ह्यांच्या गालावर मी खुंट वाढू देत नाही. लोकांचे गाल गुळगुळीत करणाऱ्याने स्वतः साळिंदर होऊन बसावं, हे मला पटत नाही. खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, फेस केला. एक गाल होईपर्यंत गरीब गाय. मग समोर बघत म्हणाले, "उठव त्याला. माझी खुर्ची आहे."

"कुणाला उठवू? खुर्चीत तर तुम्हीच आहात."

"तो म्हातारा!"

"घरात म्हातारा एकच, त्याचीच दाढी चाललीय," मी म्हटलं. तर फाडकन कानाखाली. हात अजून कारागिराचाच, नेमका बसतो. अर्धी दाढी तशीच राहिली. दिवसभर एका गालाने म्हातारे आणि एका गालाने जावई दिसत होते.

कान अजून गुणगुणतोय. आजारच आहे. ह्यांनी आधी कधी हात उगारला नव्हता. उलट मीच एकदा लाटणं उगारलं होतं, तेही नुसतंच.

१५ जानेवारी

लेक आली. बसच्या डेपोत कामाला आहे, रविवारी सुट्टी. दिवसभर लोकांची तिकिटं तपासते, घरी आली की माझं तोंड तपासते.

"गालाला काय झालं?"

"दार लागलं."

"दाराला बोटं असतात का गं आई?"

मी भांडी आपटली. हे असं झालं की भांडी आपटायची, प्रश्न आपोआप बुडतात. नातीला तिने आणलं नव्हतं. परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा आईचीच असावी. मागच्या वेळी ह्यांनी पोरीच्या अंगावर कप फेकला होता. तेव्हापासून नात फोनवरूनच विचारते, "आजी, आजोबा मला विसरले का?" मी सांगते, "नाही गं, तुला नाही, फक्त तुझं नाव."

जाताना लेक म्हणाली, "बाबांना कुठेतरी ठेवू या. चांगल्या जागा असतात." मी म्हटलं, "ठेवायला ते काय हिवाळ्यातलं पांघरूण आहेत?"

१९ जानेवारी

आरशाखालच्या खणातून हे कात्री काढत होते. मी हातातून घ्यायला गेले. ओढाताणीत टोक माझ्या मनगटाच्या वर घुसलं. फार नाही. रक्त बघून हे घाबरले, स्वतःच तुरटीचा खडा आणून दाबून धरला. दुकानात कुणाला कापलं की धरायचे तसाच. "हलू नका, लगेच थांबतं," म्हणाले. खूप वेळ हात धरून उभे होते.

कापलं म्हणून धरला. नाहीतर कोण धरतंय.

२० जानेवारी

नर्सबाई येते ती ह्यांच्या पायाच्या अंगठ्यासाठी, जखम भरत नाही म्हणून. लहान चणीची, पण नजर ससाण्याची. पट्टी बांधून झाली तरी गेली नाही. माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"आजी, बाही वर करा."

"पेशंट तिकडे बसलाय."

"एक तिकडे बसलाय. दुसरा बाही खाली ओढतोय."

मी म्हटलं, "हे मारत नाहीत, आजार मारतो."

"खरंय," ती म्हणाली. "पण लागतं तुम्हाला. आजाराला नाही लागत."

पोरीची जीभ माझ्यासारखीच आहे, म्हणून राग आला. म्हणाली, जो सांभाळतो त्याने मार खायचा असा कुठे नियम नाही. ह्यांची काळजी घेते तशी माझीही घेणं तिचंच काम आहे. मग हुकूम सोडले. कात्र्या-वस्तरे आजच्या आज घराबाहेर. स्वयंपाकघराला आतून कडी. ह्यांचा आवाज चढला की वाद घालायचा नाही, समजूत काढायची नाही, निघून जायचं. आणि कुठेही उभी राहिले तरी दार माझ्या बाजूला हवं, ह्यांच्या नाही.

"माझ्या घरातून मीच पळू?"

"पळू नका. समोरच्या काकूंकडे चहाला जा."

समोर शिंपीण राहते. तिचं मशीन सकाळपासून खडखडत असतं. ठरलं असं, की काही झालं तर मी थाळी वाजवायची, मशीन थांबवून तिने धावत यायचं. मी म्हटलं, "अख्खा जिना जेवायला येईल." नर्सबाई हसली नाही. लोकांना कळेल ह्यापेक्षा मोठी भीती तुम्हाला दिसत नाही का, असं काहीसं बोलली. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

२१ जानेवारी

शिंपीण हत्यारं न्यायला आली. वस्तरे एकेक करून मऊ फडक्यात गुंडाळले. तिला सांगितलं, ह्याने कापड कापलंस तर याद राख. ती म्हणाली, "काकू, मी ह्या वस्तऱ्यांना हातही लावणार नाही, नुसतं बघूनच माझी मान दुखायला लागलीय."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून ह्यांचा आवाज. "चालता हो! बायको घरात असताना येऊन बसतोस!" आम्ही दोघींनी डोकावलं. हे आरशासमोर उभे, मूठ वळलेली. शिंपीण कुजबुजली, "काकू, हे आरशातल्याशी भांडताहेत."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तो म्हातारा म्हणजे हेच! ह्यांना वाटतंय, मी घरात दुसरा आणून ठेवलाय. ह्या वयात! शिंपीण तोंडाला पदर लावून खाली बसली. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. म्हटलं, "अगं, दुसरा आणायचाच होता तर ह्याच्यापेक्षा बरा आणला असता!"

ती गेल्यावर मात्र हसू आलं नाही. ह्यांना स्वतःचा चेहरा आठवतो तो दुकानातला असणार. दाट काळे केस, कानामागे पेन्सिल. तो हे आरशात शोधतात आणि समोर येतो हा. चिडणारच की.

मीही त्यालाच शोधते. मी कुणाला मारू?

२२ जानेवारी

आरशावर चादर टाकली. फुलाफुलांची.

३१ जानेवारी

औषध सापडलं! दाढी दोनदा झाली, साध्या सेफ्टी रेझरने, स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. हनुवटी आपणहून वर करतात. एक बोट नाही, एक शिवी नाही. आज जेवताना माझ्या ताटात स्वतःचा घास टाकला.

सुतार येऊन आतून कडी लावून गेला. मी तिला ओट्याचं फडकं अडकवलंय. काहीतरी उपयोग हवा ना.

३ फेब्रुवारी

नर्सबाईला ऐकवलं, "बघ, कडी नको आणि थाळी नको. माणूस वाईट नव्हता, आरसा वाईट होता." ती म्हणाली, "आजी, आज आरसा. उद्या खिडकीची काच, परवा आणखी काही. चादर राहू द्या, पण थाळीही राहू द्या." म्हातारपणी लोक निराशावादी होतात म्हणतात. ही तरुणपणीच झाली.

८ फेब्रुवारी

घरात भांडण नाही, आदळआपट नाही. हे खिडकीशी बसतात, मी तांदूळ निवडते. मी समोरून गेले तरी नजर माझ्यातून आरपार जाते, मी हवा असल्यासारखी. मारायचे तेव्हा निदान मी कुणीतरी होते.

हे काय लिहिलं मी. खोडत नाही. खोडलं तर पान खराब दिसतं.

१२ फेब्रुवारी

लिहायला बसलेय. गळा सुजलाय, आवाज फुटत नाही. लेक आतल्या खोलीत फोनवर रडतेय. झालं ते सरळ लिहिते.

दुपारी चादर काढली. मीच काढली. आरसा पुसला. ह्यांना धुतलेला सदरा घातला, आरशासमोर उभं केलं, खुर्चीच्या मागे. हातात कंगवा दिला. कंगवा आल्याबरोबर खांदे सरळ झाले. मग मी जुना डबा घेतला, पितळी कड्यांचा, माळ्यावरून उतरवला होता. रिकामाच. केस विंचरले. बाहेर जिन्यात गेले. आणि दुकानात यायची तशी दारात येऊन उभी राहिले.

मान वळवली नाही. आरशातून बघितलं. मलाच बघितलं, हवेला नाही. डोळे बारीक केले, ओठाचा एक कोपरा वर गेला. तोच कोपरा.

"आलीस?" म्हणाले. "बस, दोन—"

एवढंच. एवढं बोलले आणि नजर माझ्यावरून सरकली, त्याच्या तोंडावर गेली. आरशातल्या म्हाताऱ्याच्या. कंगवा पडला.

"कुणाला घेऊन आलीस? माझ्या दुकानात?"

मी मागे सरायला हवं होतं. दार माझ्याच बाजूला होतं. पण मी ते पुढचं वाक्य ऐकायला थांबले. म्हटलं, "अहो, मीच, एकटीच आहे, बघा ना." त्यांनी गळा धरला आणि मला चौकटीला दाबलं. ज्या हातांनी लोकांच्या माना सुपासारख्या अलगद कलत्या केल्या, ते हात. डोळ्यांपुढे काजवे आले. थाळी स्वयंपाकघरात. हातात डबा होता. तोच चौकटीवर आपटला. आपटत राहिले. लोक काय म्हणतील ते आठवलंच नाही.

मशीन थांबलं. ते थांबलेलं मला ऐकू आलं. मग शिंपीण आली, तिच्यामागे तिचं गिऱ्हाईक, अर्धी शिवलेली बाही अंगावर तशीच. दोघींनी ह्यांचे हात सोडवले. हे लगेच शांत झाले. पडलेला कंगवा उचलला, फुंकर मारली आणि शिंपिणीला म्हणाले, "बसा."

१३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाला, चार-पाच दिवस बोलायचं नाही. लेक म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा आई गप्प बसली, तेही बाबांनी बसवली तेव्हा." म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. मी तिच्या पाठीवर थापटलं. आवाज असता तर ओरडले असते.

१४ फेब्रुवारी

नर्सबाई. मी नातीच्या जुन्या पाटीवर खडूने लिहिलं, चादर मी काढली, चूक माझी. तिने फडक्याने ते पुसून टाकलं. खडूचा डाग राहिला तर तोही पुसला.

"आपल्या माणसाने एकदा आपल्याकडे बघावं असं वाटणं, ही चूक कधीपासून झाली?" ती म्हणाली. "चूक कुणाचीच नाही. त्यांचीही नाही. पण पुढच्या वेळी हातात डबा नसला तर?"

तिने एक जागा सांगितली. आधी पंधरा दिवस, तुम्हाला विसावा म्हणून, मग बघू. तिथे माणसं जास्त आहेत, पाळी बदलते, एकालाच सगळं झेलावं लागत नाही. मी पाटीवर लिहिलं, मला रोज जाता येईल का. ती हो म्हणाली. मग मी लिहिलं, तिथले आरसे. तिने वाचलं आणि मान हलवली. "मी सांगते त्यांना. ह्यांच्या खोलीतले, मोठ्या खोलीतले, सगळे काढायला लावते."

मग मी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, बरं.

२१ फेब्रुवारी

आज नेलं. पिशवीत दोन सदरे, स्वेटर, दाढीचा ब्रश. गाडीत बसताना हे वळून मला म्हणाले, "दुकान बंद करून येतो." मी म्हटलं, "या." आवाज घोगरा निघाला, कोंबड्यासारखा.

२२ फेब्रुवारी

सकाळी ऊन तोंडावर येईपर्यंत झोपले. उठल्यावर लाज वाटली. मग पुन्हा झोपले.

२४ फेब्रुवारी

घर इतकं शांत आहे की घड्याळाशी भांडावंसं वाटतं. चहा दोन कप केला. एक मी प्यायले, दुसराही मीच प्यायले, टाकून कसा द्यायचा. आरसा शिंपिणीला दिला, तिच्या गिऱ्हाइकांना लागतो. चौघांनी उचलून नेला. जिन्यात वळवताना माझी दारातली मूर्ती त्यात दिसली, क्षणभर, एकटीच. भिंतीवर चौकोन राहिलाय, बाकी भिंतीपेक्षा उजळ.

रविवारी लेक नातीला घेऊन येणार आहे.

२७ फेब्रुवारी

पाच दिवस मी गेले नाही. नर्सबाईनेच सांगितलं होतं, आधी त्यांना रुळू द्या. आज गेले. डबा भरून नेला.

मोठी खोली, उंच खिडक्या, पडदे ओढलेले. आरसा कुठेही नाही. भिंतीवर दोन-चार उजळ चौकोन, आमच्या घरच्यासारखे. दारावरची बाई म्हणाली, "आजोबा तुमचे का? आल्यापासून सगळ्यांचे केस विंचरतात. कुणी नाही म्हणत नाही." तेवढ्या दिवसांत एकदा त्यांनी तिथल्या एका कामगाराचा हात पिरगळला होता, तेही तिने सांगितलं, पण सहज, पाऊस पडला सांगावं तसं. दोघं होते म्हणाली, लगेच सोडवला.

हे एका खुर्चीच्या मागे उभे होते. खुर्चीत एक म्हातारा, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. हे त्याचा भांग पाडत होते. प्लास्टिकचा कंगवा, पण करंगळी बाहेर काढलेली, तश्शीच.

मी दारात उभी राहिले. पाठीला चौकट लागली, तेव्हा दोन पावलं बाजूला सरले, दार मोकळं ठेवून. मग थांबले.

बघायला आरसा नव्हता. म्हणून ह्यांनी हात थांबवला आणि मान वळवली. उभ्या जन्मात दुकानात माझ्यासाठी मान वळवली नव्हती. सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे. ओठाचा कोपरा जागचा हलला नाही.

"बसा," म्हणाले. "दोन माणसं राहिलीत."

चला, म्हटलं, इतकी वर्षं संसार केल्यावर एकदा तरी अहो-जाहो केलं.

मी खोलीभर नजर फिरवली. झोपलेला तो एक. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या.

भिंतीशी एक बाक होता. डबा मांडीवर घेतला आणि बसले.